कामगारांचे कैवारी रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

आमचे मंचेरियल गोदावरीच्या काठी वसलेले आहे. नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली ही नदी मराठी मुलूख ओलांडून आमच्या गावापाशी येते, तेव्हा तिचे पात्र चांगलेच विस्तीर्ण झालेले असते. गावाच्या आसमंतात श्रीरामपूर, मंदामरी, बेल्लमपल्ली या भागांत भूमीच्या पोटी दगडी कोळसा आहे आणि सिंगरेणी कंपनीच्या खाणींतून तो वर काढला जातो. या परिसरातील हजारो कुटुंबांची चूल त्या कोळशाच्या कामावर पेटते. खाणीत पाळीपाळीने काम चालते. कोणी पहाटे घराबाहेर पडतो, कोणी दुपारी, तर कोणी सारा गाव निजला असता डोक्यावर दिवा लावून भूगर्भात उतरतो. परंतु आठवड्यातून एक दिवस असा येतो, की त्या दिवशी घरातील कर्त्या माणसाला पाळी नसते. तो मुलांना घेऊन बाजारात जातो, आप्तेष्टांची विचारपूस करतो, किंवा नुसता अंगणात खाट टाकून स्वस्थ पडतो.

हा विसाव्याचा दिवस आम्हां सर्वांच्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो कोणी तरी कष्टाने मिळवून दिलेला आहे, हा विचारही मनात येत नाही. सूर्य उगवतो, पाऊस पडतो, तसाच रविवारही येतो, असे आपण समजून चालतो. वस्तुतः शंभर-सव्वाशे वर्षांमागे या देशातील यंत्रावर राबणाऱ्या माणसाला असा हक्काचा दिवस नव्हता. ज्या महाराष्ट्रात आमच्या गोदेचा उगम आहे, त्याच महाराष्ट्रातील एका साध्या नोकरदाराने त्यासाठी आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली. राजे, सेनापती आणि संत यांची चरित्रे विद्यार्थी आवडीने वाचतात, आणि ती वाचावीतच. यंदा मात्र एका गिरणीच्या कोठारावर काम केलेल्या पुरुषाची कथा वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म इ. स. १८४८ मध्ये ठाणे येथे झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. घराणे माळी समाजातील आणि परिस्थिती बेताची. तशा परिस्थितीतही नारायणरावांनी ठाण्यास मॅट्रिकपर्यंत शिक्षण घेतले. त्या काळी बहुजन समाजातील मुलाने इतके शिकणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. शिक्षण संपल्यावर चरितार्थासाठी त्यांनी प्रथम रेल्वे खात्यात नोकरी धरली, पुढे काही काळ टपाल खात्यात काम केले आणि त्यानंतर मुंबईस मांडवी येथील कापडाच्या गिरणीत ते कोठारावर, म्हणजे स्टोअरकीपरच्या जागेवर, रुजू झाले. हीच नोकरी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली.

कोठार सांभाळणारा मनुष्य हा मालकही नसतो आणि मजूरही नसतो. यंत्राला लागणारे सामान त्याच्या वहीतून जाते. कशाची किती झीज झाली, काय मोडले, काय नवे आणावे लागले, याचा हिशेब त्याच्यापाशी असतो. गिरणीतील यंत्राची निगा किती काळजीने राखली जाते, हे नारायणरावांनी तेथे राहून पाहिले. त्याच यंत्रापाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाची निगा कोणाच्याच वहीत मांडलेली नाही, हेही त्यांच्या दृष्टीस पडल्यावाचून राहिले नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. माणसामाणसांत जन्मावरून उच्चनीच भाव मानू नये, अज्ञानी व कष्टकरी लोकांनी विद्या संपादन करून आपल्या पायांवर उभे राहावे, अशी त्या समाजाची शिकवण होती. नारायणराव या शिकवणीकडे ओढले गेले आणि जोतीरावांचे एक निष्ठावंत सहकारी बनले. शेतकऱ्याच्या दैन्याकडे जोतीरावांनी ज्या दृष्टीने पाहिले, त्याच दृष्टीने नारायणरावांनी गिरणीतील कामगाराकडे पाहिले. हा कामगार तरी कोण होता? कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी मुंबईस आलेला शेतकरीच तो!

त्या काळच्या गिरण्यांची स्थिती कशी होती, हे ध्यानी घेतल्याखेरीज नारायणरावांच्या कार्याचे मोल कळणार नाही. कावसजी नानाभाई दावर या पारशी गृहस्थांनी १८५४ मध्ये मुंबईस पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. त्यानंतरच्या तीस वर्षांत परळपासून पुढे गिरण्यांची धुराडी एकामागून एक उभी राहिली. देशी भांडवलावर देशी माणसांनी उभारलेला हा धंदा पाहून सर्वांस अभिमान वाटे, आणि तो रास्तही होता. परंतु धुराड्याखाली राबणाऱ्यांची अवस्था फार कष्टाची होती. विजेचे दिवे अद्याप गिरण्यांत सर्रास आले नव्हते. त्यामुळे उजाडताच बाष्पयंत्र सुरू होई आणि अंधार पडेपर्यंत ते चालू राही. अर्थात हिवाळ्यात दिवसाचे काम अकरा तासांच्या आसपास असे, तर उन्हाळ्यात ते तेरा-चौदा तासांवर जाई. दिवस मोठा झाला म्हणून शेतावरचा गडी दुपारी झाडाखाली पडत असे; गिरणीतल्या मजुराला मात्र मोठा दिवस म्हणजे मोठी शिक्षाच होती.

दुपारी सर्वांनी मिळून जेवावयास ठरलेली सुटी बहुतेक ठिकाणी नव्हती. यंत्र चालू असतानाच कोणा सोबत्यावर काम सोपवून चार घास खावे लागत. कापसाच्या तुसांनी हवा भरलेली असे. रविवारी गिरणी बंद असली, तरी यंत्रे साफ करण्यासाठी मजुरांना अर्धा दिवस बोलावले जाई, आणि कित्येक ठिकाणी तर रविवारीही नेहमीप्रमाणे काम चाले. सणावाराची सुटी मिळे, परंतु ती कधी मिळेल हे मालकाच्या सोयीवर अवलंबून असे. पगार महिना उलटून गेल्यावरही पुष्कळ दिवसांनी हाती पडे. तोवर वाण्याकडून उधारी करावी लागे आणि उधारीवर व्याज चढत जाई. पट्ट्यात किंवा चाकात हात सापडून कोणी जायबंदी झाला, तर त्या दिवसापासून त्याची मजुरी थांबे. त्याच्या जागी दुसरा माणूस उभा राही आणि यंत्र पूर्ववत चालू लागे.

सरकारने १८८१ मध्ये कारखान्यांसंबंधी पहिला कायदा केला. शंभर किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, त्यांस महिन्यातून चार दिवस सुटी द्यावी आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावे, इतकेच त्यात होते. सात वर्षे पुरी झालेले मूल नऊ तास कामास लावणे कायद्याने योग्य ठरत होते, यावरून त्या काळची कल्पना यावी. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या कामाचे तास, सुटी किंवा पगार यांविषयी त्या कायद्यात काहीच तरतूद नव्हती.

नारायणरावांच्या हाती याच सुमारास एक साधन आले होते. कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यास 'दीनबंधू' नावाचे साप्ताहिक सुरू केले होते. पुढे पैशाच्या अडचणीमुळे ते चालविणे कठीण झाले, तेव्हा १८८० मध्ये नारायणरावांनी ते मुंबईस नेले आणि त्याची धुरा आपल्या खांद्यावर घेतली. शेतकरी, कामगार व मागासलेल्या जाती यांची गाऱ्हाणी 'दीनबंधू'तून नियमाने प्रसिद्ध होऊ लागली. ज्या लोकांचे दुःख आजवर त्यांच्या चाळीबाहेर जात नव्हते, ते आता सरकारी कचेरीतील टेबलापर्यंत पोहोचू लागले.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. अशा समित्यांपुढे मालक व व्यवस्थापक साक्षी देत, परंतु कामगारांच्या वतीने बोलणारे कोणी नसे. नारायणरावांनी ही उणीव ओळखली. त्याच वर्षी २३ व २६ सप्टेंबर रोजी त्यांनी परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि एक अर्ज तयार केला. सुमारे ५,५०० कामगारांनी त्याला संमती दिली. मुंबईतील गिरणी कामगारांची संस्था या नावाने जी संघटना प्रसिद्ध आहे, तिचा आरंभ याच घटनेपासून धरतात, आणि याचमुळे नारायणरावांस भारतीय कामगार चळवळीचे जनक असे गौरवाने संबोधितात.

त्या अर्जातील मागण्या पाच होत्या, आणि विद्यार्थ्यांनी त्या नीट पाहाव्यात अशी आमची इच्छा आहे. पहिली, दर रविवारी सर्व कामगारांस पूर्ण दिवस सुटी असावी. दुसरी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. तिसरी, काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे. चौथी, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. पाचवी, कामावर इजा झालेल्या माणसास तो बरा होईपर्यंत पूर्ण मजुरी द्यावी आणि तो कायमचा निकामी झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य सोय करावी.

या पाच मागण्यांत पगारवाढीची मागणी नाही, हे पाहून प्रथम आश्चर्य वाटते. परंतु जरा विचार केला, म्हणजे त्यांतील शहाणपण ध्यानात येते. यांतील प्रत्येक मागणी गिरणीच्या कारभारासंबंधी आहे. भोंगा केव्हा वाजावा, यंत्र केव्हा थांबावे, पगाराची वही कोणत्या तारखेस उघडावी, मोडलेल्या माणसाचा खर्च कोणाच्या खाती पडावा, या त्या गोष्टी होत. कोठारावर काम केलेल्या माणसालाच हे सुचावे! त्या काळीही काही मालक दयाळू होते. एखाद्या विधवेस ते मदत करीत, एखाद्या आजाऱ्यास पैसे देत. पण दया ही मालकाच्या मनावर असते; ती आज असते, उद्या नसते. एका गिरणीत असते, शेजारच्या गिरणीत नसते. जी गोष्ट वेळापत्रकात आणि हिशेबाच्या वहीत लिहिली जाते, ती मात्र मालक बदलला तरी टिकते. माणुसकी ही कारखान्याच्या नियमांत उतरली पाहिजे, हेच नारायणरावांच्या साऱ्या खटपटीचे सार होते, असे आम्हांस वाटते.

मागण्या इतक्या माफक होत्या, तरी त्या मान्य झाल्या नाहीत. मालकांचे म्हणणे असे, की यंत्र जितके तास थांबेल तितके नुकसान होईल आणि विलायती कापडापुढे आपला माल टिकणार नाही. यात एक गुंतागुंतीची गोष्ट होती, ती सांगणे न्यायाचे होईल. इंग्लंडातील लँकेशायर परगण्याचे गिरणीमालक हिंदुस्थानात कडक कायदा व्हावा म्हणून धडपडत होते, आणि त्यामागे कामगारांच्या कळवळ्यापेक्षा मुंबईच्या गिरण्यांच्या स्पर्धेची धास्तीच अधिक होती. त्यामुळे अनेक देशी पुढारी व वृत्तपत्रे या कायद्यांकडे संशयाने पाहत. स्वदेशी धंद्याची बाजू घ्यावी, की त्या धंद्यात झिजणाऱ्या स्वदेशी माणसाची बाजू घ्यावी, असा तो पेच होता. नारायणरावांनी त्याचे उत्तर निःसंदिग्धपणे दिले. परक्याचा हेतू शुद्ध नसला, म्हणून आपल्या माणसाचे दुःख खोटे ठरत नाही, अशी भूमिका त्यांच्या कार्यातून दिसून येते. लोकप्रिय मताविरुद्ध जाऊन अशी भूमिका घेण्यास धैर्य लागते.

पाच वर्षे गेली, तरी नारायणराव स्वस्थ बसले नाहीत. १८८९ मध्ये कामगारांचा अर्ज पुन्हा सरकारकडे गेला. पुढील वर्षी, म्हणजे २४ एप्रिल १८९० रोजी, मुंबईस महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर त्यांनी मोठी सभा भरविली. सुमारे दहा हजार कामगार तेथे जमले. त्या काळी ना ध्वनिक्षेपक होते, ना मोटारी. दिवसभर साच्यावर उभी राहणारी माणसे आपल्या पायांनी चालत तेथे आली. विशेष हे, की त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही उभे राहून आपले म्हणणे मांडले. घराबाहेर स्त्रीने चार लोकांत बोलणेही जेथे निंद्य मानले जाई, अशा काळात ही गोष्ट घडली. सभेने साप्ताहिक सुटीची मागणी एकमुखाने केली.

या सभेनंतर आठवडाभरातच, १ मे १८९० रोजी, युरोप व अमेरिकेतील अनेक शहरांत कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी मिरवणुका काढल्या. जगात कामगार दिन पाळला गेला तो प्रथमच. जगाच्या एका टोकास आणि दुसऱ्या टोकास, यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या मनात त्या वसंत ऋतूत एकच विचार घोळत होता, हा योगायोग मनाला चटका लावून जातो.

अखेरीस १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने कामगारांस आठवड्याची एक सुटी देण्याचे मान्य केले. महाराष्ट्रात रविवार हा खंडोबाचा वार मानला जातो. गावाकडून आलेल्या त्या मजुरांना देवाच्या वारी प्रथमच निवांतपणे नमस्कार करता आला असेल. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट आहे. सर्व देशास रविवारची सुटी नारायणरावांनी मिळवून दिली, असे कधी कधी सांगितले जाते. तसे म्हणणे बरोबर नाही. सरकारी कचेऱ्यांना व शाळांना रविवारची सुटी त्यापूर्वीपासूनच होती. ज्यांना ती नव्हती आणि ज्यांना तिची सर्वांत अधिक गरज होती, त्या गिरणी कामगारांच्या पदरात त्यांनी ती टाकली. खरी गोष्टच इतकी मोठी आहे, की तिच्यावर अलंकार चढविण्याचे कारण नाही.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने कारखान्यांविषयी नवी समिती नेमली आणि तिच्या मुंबईतील कामासाठी नारायणरावांस सदस्य म्हणून घेतले. सहा वर्षांपूर्वी ज्यांच्या वतीने बोलणारा कोणी नव्हता, त्यांचा माणूस आता चौकशी करणाऱ्यांच्या पंक्तीस बसला. त्यानंतर १८९१ चा कायदा झाला. सर्व कामगारांस आठवड्यास एक सुटी व दुपारी अर्धा तास विश्रांती मिळाली. स्त्रियांच्या कामास अकरा तासांची मर्यादा पडली. नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा ठरली. पन्नास माणसांच्या कारखान्यांपर्यंत कायद्याचा हात पोहोचला. पाचांपैकी दोन मागण्या अशा रीतीने पुऱ्या झाल्या. प्रौढ पुरुषांच्या कामाचे तास मात्र तसेच अमर्याद राहिले.

उरलेल्या तीन मागण्यांचे काय झाले, हे जाणून घेण्याजोगे आहे. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामास बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने पडली. १९२२ मध्ये कारखान्यांतील दिवस अकरा तासांचा झाला, १९३४ मध्ये दहा तासांचा आणि १९४६ मध्ये नऊ तासांचा. इजा झालेल्या कामगारास भरपाई देण्याचा कायदा १९२३ मध्ये झाला, म्हणजे त्या मागणीस एकोणचाळीस वर्षे वाट पाहावी लागली. पगार ठरलेल्या मुदतीत देण्याचा कायदा होण्यास १९३६ साल उजाडले. त्या कायद्याने लहान कारखान्यांस पुढील महिन्याची ७ तारीख आणि हजार किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांस १० तारीख ही मर्यादा घालून दिली. नारायणरावांनी तर १५ तारीखच मागितली होती! बावन्न वर्षांनी कायद्याने त्यांच्या मागणीहून अधिक दिले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये कारखान्यांचा आणि १९५२ मध्ये खाणींचा नवा कायदा झाला. खाणीत कोणाकडूनही आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम घेऊ नये, असे १९५२ च्या कायद्याने ठरविले. परळच्या सभेत मागितलेला दिवस अशा रीतीने आमच्या श्रीरामपूर-मंदामरीच्या खाणकामगारापर्यंत येऊन पोहोचला.

नारायणरावांचे कार्य केवळ गिरणीपुरते नव्हते. विधवांच्या केशवपनाच्या क्रूर चालीविरुद्ध नाभिक बांधवांस संघटित करण्यात त्यांचा पुढाकार होता. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू व मुसलमान यांच्यात भयंकर दंगा झाला, तेव्हा दोन्ही समाजांतील वैर शमावे म्हणून त्यांनी राणीच्या बागेत एकोप्याची सभा भरविली. एकाच साच्यावर शेजारी उभे राहणारे दोघे रस्त्यावर एकमेकांचे शत्रू व्हावेत, हे त्यांना कसे पाहवेल? त्यांच्या सेवेची दखल घेऊन सरकारने त्यांस रावबहादूर हा किताब दिला. किताब मिळाला म्हणून ते चाळीतल्या माणसांपासून दूर गेले नाहीत, हे त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या पर्वावरून सिद्ध झाले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात प्लेगचा पहिला आढळ झाला आणि हा हा म्हणता ती आग शहरभर पसरली. लोक भयभीत होऊन गावोगावी पळू लागले. गिरण्या ओस पडू लागल्या. ज्यांना जाण्यास गाव होते ते गेले. ज्यांना जाता येण्यासारखे नव्हते ते दाट वस्तीच्या अंधाऱ्या खोल्यांत मृत्यूची वाट पाहत राहिले. नारायणरावांस शहर सोडून जाणे सहज शक्य होते. पण ते गेले नाहीत. रुग्णांसाठी इस्पितळाची सोय करण्याच्या कामी ते पुढे झाले आणि आजाऱ्यांच्या शुश्रूषेत वावरू लागले. शेवटी त्याच रोगाने त्यांना गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर एका महिन्याने, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यास सावित्रीबाई फुले यांनीही प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असतानाच देह ठेवला. सत्यशोधक समाजाची दोन माणसे एकाच व्रतात, एकाच रोगाने, महिन्याच्या अंतराने गेली. कामावर इजा झालेल्यास टाकून देऊ नये, असे जे नारायणरावांनी मालकांस सांगितले होते, तेच त्यांनी स्वतः प्राण देऊन पाळले.

चरित्र लिहिताना उणिवा झाकून ठेवणे योग्य नाही. नारायणरावांच्या संघटनेस नियमित वर्गणी नव्हती, सभासदांची पक्की यादी नव्हती, लिखित घटना नव्हती. अर्ज, सभा आणि वृत्तपत्र हीच तिची साधने. ज्या पुरुषाने गिरणीसाठी नियमांचा आग्रह धरला, त्याची स्वतःची संस्था मात्र नियमांवर उभी न राहता बहुतांशी त्याच्या एकट्याच्या खांद्यावर उभी राहिली, आणि तो गेल्यावर ती टिकली नाही. पुढे ना. म. जोशी यांच्यासारख्यांनी कामगार संघटनेस रीतसर रूप दिले. परंतु पहिली पायवाट पाडणाऱ्याच्या वाट्यास काटे येतातच. रस्ता पक्का करण्याचे काम मागून येणाऱ्यांचे असते.

नारायणरावांचे स्मरण बराच काळ मोजक्या लोकांपुरते राहिले. अलीकडे मात्र त्यांचे नाव पुन्हा लोकांपुढे येऊ लागले आहे. मुंबईस परळ भागात, जेथे त्यांनी ती पहिली सभा भरविली होती, कामगारविषयक अभ्यासाच्या शासकीय संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले आहे. २००५ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले. ज्या खात्यात त्यांनी तरुणपणी नोकरी केली, त्याच खात्याच्या तिकिटावर त्यांची मुद्रा उमटली.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी खाणीत वा कारखान्यात अधिकारी होईल, कोणी स्वतःचे लहानसे दुकान किंवा गिरणी काढील. त्यांच्या हाताखाली माणसे असतील. त्या वेळी माल किती निघाला, खर्च किती आला, नफा किती झाला, हे त्यांना विचारले जाईलच, आणि विचारावयास हवेही. धंदा बुडाला तर मजुराचीही चूल विझते. पण त्याच वहीत आणखी चार प्रश्न त्यांनी स्वतः लिहून ठेवावेत. माझ्या माणसास विसावा मिळतो का? त्याचा पगार ठरल्या दिवशी त्याच्या हाती पडतो का? त्यास इजा झाली तर त्याच्या घरची काळजी कोण घेतो? आणि ही व्यवस्था माझ्या मनाच्या चांगुलपणावर अवलंबून आहे, की मी नसतानाही ती चालू राहील? वीटभट्टीवर, खानावळीत, बांधकामावर आणि किती तरी ठिकाणी आजही असे पुष्कळ लोक राबतात, की ज्यांना १८८४ च्या त्या पाच मागण्यांपैकी एकही पुरती लाभलेली नाही. नारायणरावांचे काम संपले आहे, असे म्हणूनच समजता येत नाही.

येत्या रविवारी आपण गोदावरीच्या काठी फिरावयास जाल, किंवा घरी वडिलांच्या शेजारी निवांत बसाल, तेव्हा परळच्या मैदानात अर्ज वाचून दाखविणाऱ्या त्या कोठारावरच्या माणसाची एकदा तरी आठवण करा. त्याच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन असो.